नवी स्पोर्ट्स कार लीजवर घ्यावी की विकत घ्यावी?

प्रश्न : दोनआसनी

नमस्कार. अनेक वर्षे मनात असलेली एक इच्छा आता पूर्ण करता येईल एवढी ऐपत आली आहे, आणि नेमक्या याच टप्प्यावर माझा निर्णय अडला आहे. मला दोन आसनांची, पेट्रोलवर चालणारी, वजनाने हलकी आणि हाताने गिअर बदलायची नवी स्पोर्ट्स कार घ्यायची आहे. घरी रोजच्या वापराची वेगळी गाडी असल्यामुळे या गाडीकडून सामान वाहण्याची किंवा कुटुंबाची ने-आण करण्याची अपेक्षा नाही. सुट्टीच्या दिवशी पहाटे निघून लांबवर जावे, वळणावळणाचे रस्ते मनसोक्त चालवावेत आणि अधूनमधून एखाद्या ट्रॅकवर नेऊन तिची खरी क्षमता अनुभवावी, एवढ्यासाठीच ती हवी आहे. वर्षाला १२,००० ते १४,००० किलोमीटर होतील असा माझा अंदाज आहे.

विक्रेत्याने माझ्यासमोर दोन पर्याय ठेवले आहेत. पहिला पर्याय ३६ महिन्यांच्या लीजचा असून त्यात वर्षाला १०,००० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि मुदत संपल्यावर गाडी परत करता येते किंवा करारात आधीच लिहिलेल्या किमतीला विकत घेता येते. दुसरा पर्याय ५ वर्षांच्या कर्जाचा आहे. लीजचा हप्ता कर्जाच्या हप्त्यापेक्षा पाचव्या हिश्श्याहूनही अधिक कमी आहे, आणि विक्रेत्याचा सगळा भर त्यावरच आहे. घरातील वडीलधाऱ्यांचे मत मात्र अगदी उलट आहे. तीन वर्षे पैसे भरून शेवटी हातात काहीच उरत नसेल, तर ते पैसे पाण्यात गेले असे त्यांना वाटते.

ही गाडी मी तीन वर्षे ठेवेन की दहा, हे आज मला खरोखर सांगता येत नाही. हप्त्यांमधला हा फरक कितपत खरा आहे, आणि साध्या गाडीला लागू पडणारा सल्ला स्पोर्ट्स कारला जसाच्या तसा लागू पडतो का, हे मला समजून घ्यायचे आहे.

प्रतिसाद : हिशेबी

हप्त्यांची तुलना करून हा निर्णय घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ते दोन हप्ते दोन वेगळ्या गोष्टींचे आहेत. कर्जात तुम्ही संपूर्ण गाडीची किंमत फेडत असता. लीजमध्ये गाडी तुमच्या ताब्यात असताना तिची जेवढी किंमत उतरेल असे गृहीत धरलेले असते तेवढीच रक्कम, आणि कंपनीचे पैसे अडकून पडल्याबद्दलचे व्याज, एवढेच तुम्ही देता. त्यामुळे लीजचा हप्ता लहान दिसणारच.

आकडे मांडले म्हणजे हे अधिक स्पष्ट होईल. गाडीची किंमत १०० धरू आणि तीन वर्षांनी ती ६० राहील असे लीज कंपनीने ठरवले आहे असे मानू. या ६० ला अवशिष्ट मूल्य म्हणतात आणि ते करारावर सही होतानाच पक्के होते. उतरणारे ४० भागिले ३६ महिने, म्हणजे दरमहा १.११. सुरुवातीला कंपनीचे १०० अडकलेले असतात आणि शेवटी ६०, म्हणजे सरासरी ८०. त्यावर वार्षिक ६ टक्के व्याज धरले तर दरमहा ०.४० होतात. हप्ता झाला १.५१ आणि ३६ महिन्यांचा एकूण खर्च ५४.४.

आता हीच गाडी त्याच ६ टक्के दराने ५ वर्षांच्या कर्जावर घेतली, तर हप्ता १.९३ येतो. तीन वर्षांत तुम्ही ६९.६ भरता आणि ४३.६ फेडायचे बाकी राहतात. त्या दिवशी गाडी ६० ला विकली आणि उरलेले कर्ज चुकते केले, तर हातात १६.४ उरतात. म्हणजे तीन वर्षांचा निव्वळ खर्च ५३.२. ज्या फरकावर विक्रेत्याचा सगळा भर आहे तो फरक असा जवळजवळ नाहीसा होतो. लीजचे पैसे पाण्यात गेले हे म्हणणेही त्यामुळे टिकत नाही, कारण किंमत उतरण्याचा खर्च मालकालाही तेवढाच सोसावा लागतो. तो त्याला दर महिन्याला दिसत नाही, गाडी विकायला काढल्यावर एकदम दिसतो.

मग खरा फरक कुठे आहे? तो आहे त्या ६० या आकड्याच्या जोखमीत. तीन वर्षांनी बाजारात गाडीला ५० च मिळाले, तर मालकाचा खर्च ६३.२ वर जातो आणि लीजवाला मात्र ५४.४ देऊन किल्ली परत करतो. उलट बाजारभाव ७० निघाला, तर मालकाचा खर्च ४३.२ एवढाच होतो. अशा वेळी लीजवालाही करारातील ६० ला गाडी विकत घेऊन फायदा पदरात पाडून घेऊ शकतो, मात्र तसा हक्क करारात असेल आणि नावावर करण्याचा खर्च व कर तो फायदा खाऊन टाकणार नसतील तरच. २०२१ आणि २०२२ मध्ये चिपच्या टंचाईमुळे नव्या गाड्या मिळेनाशा झाल्या, वापरलेल्या गाड्यांचे भाव चढले आणि अनेक ठिकाणी बाजारभाव करारातील अवशिष्ट मूल्याच्या वर गेला. ज्यांच्या करारात खरेदीचा हक्क होता त्यांनी त्या काळात लीजची गाडी परत न करता विकत घेतली. त्यामुळे तुमच्या करारातील खरेदीच्या हक्काचे कलम शब्द न् शब्द वाचा. तो हक्क बंधनकारक आहे की कंपनीच्या मर्जीवर आहे, यावर त्याचे मोल ठरते.

आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. लीजच्या हिशेबात गाडीची मूळ किंमत किती धरली आहे, ते लेखी मागा. हप्ता ठरला म्हणजे सगळे ठरले असे ग्राहकाला वाटते, पण ज्या किमतीवरून तो हप्ता काढला आहे ती किंमतसुद्धा रोख खरेदीसारखीच घासाघीस करून कमी करून घेता येते. दुसरे म्हणजे व्याजाचा दर. काही करारांत तो टक्क्यांत न लिहिता ०.००२५ अशा एखाद्या लहानशा गुणकाने दाखवतात. त्या गुणकाला २,४०० ने गुणले की वार्षिक टक्केवारी मिळते. या उदाहरणात ती ६ येते. एवढा गुणाकार केल्याशिवाय लीजचा दर आणि कर्जाचा दर शेजारी ठेवून पाहता येत नाहीत.

वर मी तीन वर्षांचाच हिशेब केला, कारण लीज तेवढीच आहे. मुदत लांबली की तराजू हळूहळू खरेदीच्या बाजूने झुकू लागतो. नव्या गाडीची किंमत पहिल्या तीन वर्षांत सर्वांत वेगाने उतरते आणि पुढे तो वेग मंदावतो. जो माणूस एक लीज संपली की दुसरी घेतो, तो दर वेळी ही सर्वांत महागडी तीन वर्षेच विकत घेत राहतो. ज्याने गाडी ठेवली, त्याचे पाच वर्षांनी हप्तेही संपतात आणि घसरणही सौम्य झालेली असते. वॉरंटी संपल्यानंतरच्या दुरुस्तीचा खर्च मात्र त्याच्या अंगावर येतो, आणि स्पोर्ट्स कारच्या बाबतीत तो किरकोळ नसतो, हेही लक्षात ठेवा.

प्रतिसाद : मागचे चाक

हिशेबी यांनी पैशांची बाजू नीट मांडली आहे, म्हणून मी वापराबद्दल लिहितो. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तुमच्याच एका वाक्यात आहे. तुम्हाला वर्षाला १२,००० ते १४,००० किलोमीटर चालवायचे आहेत आणि करार १०,००० चा आहे. तीन वर्षांची मर्यादा ३०,००० आणि तुमचा वापर ३६,००० ते ४२,०००, म्हणजे ६,००० ते १२,००० किलोमीटर जास्त. या जादा अंतराला प्रत्येक किलोमीटरमागे दंड असतो. सुरुवातीलाच मोठी मर्यादा मागून घेणे सहसा त्या दंडापेक्षा स्वस्त पडते. पण तसे केले की अवशिष्ट मूल्य खाली येते आणि हप्ता वाढतो. ज्या हप्त्याने तुम्हाला भुरळ घातली आहे, तो मुळात तुमच्या वापराचा हप्ताच नाही. १५,००० किलोमीटरच्या मर्यादेने नवा आकडा काढून मागा आणि मगच तुलना करा. उलट बाजूने, न वापरलेल्या किलोमीटरचे पैसे बहुतेक करारांत परत मिळत नाहीत.

पैशांपेक्षाही मला महत्त्वाची वाटते ती या मर्यादेची मनावर पडणारी छाया. रोजच्या गाडीवर किलोमीटरची मर्यादा असली तर फारसे बिघडत नाही, कारण तिचे अंतर आपल्या कामावरून ठरते. स्पोर्ट्स कारचे प्रत्येक किलोमीटर आपण केवळ आवडीने चालवतो. समोर सुंदर रस्ता आहे, हवा छान आहे, आणि आणखी पुढे जावे की इथूनच वळावे याचा निर्णय ओडोमीटरकडे पाहून घ्यावा लागतो, ही अवस्था मी लीजवर गाडी घेतलेल्या मित्रांमध्ये जवळून पाहिली आहे. तिसऱ्या वर्षी तर त्यांतील काहींची गाडी झाकूनच उभी असायची.

दुसरा मुद्दा गाडी परत करतानाच्या तपासणीचा. साध्या गाडीची तपासणी सहसा लवकर आटोपते. इथे तपासणारा माणूस आधी गुडघे टेकून बसतो आणि मापक टायरच्या खाचेत घालतो. स्पोर्ट्स कारची चाके वळणावर पकड मिळावी म्हणून वरच्या बाजूने किंचित आत झुकलेली ठेवतात, त्यामुळे टायरची आतली कड आधी झिजते. बाहेरून पाहिले तर खाच भरपूर दिसते आणि आतल्या बाजूला रबर गुळगुळीत झालेले असते. अनेक देशांत कायद्याने किमान १.६ मिलिमीटर खाच पुरते, पण लीजचे करार बहुधा त्याहून अधिक मागतात. शिवाय या गाड्यांचे टायर मऊ रबराचे असतात आणि पुढच्या-मागच्या चाकांचे माप बहुतेकदा वेगळे असते, त्यामुळे टायर आलटून पालटून लावून झीज सारखी करण्याची सोयही राहत नाही. तुमच्या वापरात तीन वर्षांत मागच्या टायरची किमान एक जोडी बदलावी लागेलच, आणि परत करण्याच्या सुमारास दुसरीही लागण्याची शक्यता आहे. ती जोडी तुम्ही घालाल आणि तिच्यावर गाडी पुढचा माणूस चालवेल.

टायरनंतर तो रिमच्या कडा पाहतो, कारण कमी उंचीच्या टायरमुळे रिम फुटपाथच्या दगडाला सहज घासते. मग पुढचा बंपर. जमिनीलगतच्या नाकावर दगड उडून रंगाचे टवके गेलेले असतात आणि बंपरच्या खालच्या ओठावर उतारावरून उतरताना घासल्याच्या रेघा असतात. यातले किती वापरातली झीज आणि किती नुकसान, हे करारातील व्याख्येवर ठरते, म्हणून ती व्याख्या छायाचित्रांसह लेखी मागून घ्यावी. पुढच्या भागाला पारदर्शक संरक्षक फिल्म लावण्याची परवानगी मिळत असेल तर ती पहिल्याच आठवड्यात लावा. विकत घेतली तरी लावा.

ट्रॅकबद्दल मात्र अजिबात गाफील राहू नका. लीजच्या बहुतेक करारांत ट्रॅकवरील वापर थेट मनाई केलेला असतो. विमा वेळ मोजून होणाऱ्या स्पर्धांना संरक्षण देत नाही आणि पुष्कळ पॉलिसी ट्रॅकवर पाऊल ठेवताच लागू होणे थांबतात. हे दुसरे बंधन मालकालाही असतेच, पण त्याचे नुकसान त्याच्यापुरते राहते. लीजवाल्याच्या बाबतीत दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान आणि कराराचा भंग अशा दोन्ही गोष्टी होतात. ट्रॅकसाठी ब्रेक पॅड बदलणे, वेगळी चाके लावणे, सस्पेन्शनची जुळणी बदलणे हे सारे लीजच्या गाडीवर एकतर वर्ज्य असते किंवा परत करताना जसेच्या तसे पूर्ववत करून द्यावे लागते. तुम्ही ट्रॅकचा उल्लेख मनापासून केला असेल, तर माझ्या दृष्टीने लीजचा विचार तिथेच संपतो.

लीजच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. अपघात झाला आणि गाडी उत्तम दुरुस्त झाली, तरी अपघाताची नोंद असलेल्या स्पोर्ट्स कारची किंमत बाजारात चांगलीच पडते, कारण असा ग्राहक गाडीचा इतिहास बारकाईने तपासतो. ही घट मालकाला सोसावी लागते. लीजमध्ये, दुरुस्ती कराराप्रमाणे झालेली असेल, तर ती सहसा कंपनीच्या वाट्याला जाते.

प्रतिसाद : जुने मॉडेल

वरील दोन्ही प्रतिसादांशी मी सहमत आहे, तरीही एक प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही: गाडी नेमकी कोणती? स्पोर्ट्स कार हा एकच प्रकार मानून दिलेला सल्ला अर्धवट ठरतो, कारण काही गाड्या तीन वर्षांत निम्म्याने उतरतात आणि काही फारशा हलत नाहीत. अवशिष्ट मूल्याची जोखीम कोणी घ्यावी हे त्यावरच अवलंबून आहे.

तुम्ही वर्णन केलेली गाडी, म्हणजे हलकी, पेट्रोलची आणि मॅन्युअल, दिवसेंदिवस दुर्मीळ होत चालली आहे. टर्बोविना, म्हणजे हवा दाबून न भरणारे इंजिनही तसेच मागे पडत आहे. पोर्शने २०१५ मध्ये ९११ कॅरेराच्या मूळ आवृत्त्यांना टर्बो इंजिन दिले. फेरारीने त्याच वर्षी ४५८ च्या जागी टर्बो असलेली ४८८ आणली. शेवरोलेने २०१९ मध्ये सादर केलेल्या आठव्या पिढीच्या कॉर्व्हेटला मॅन्युअल गिअरबॉक्सच ठेवला नाही. या सगळ्या गाड्या आधीच्यापेक्षा वेगवान आहेत, तरीही हाताने गिअर बदलणाऱ्या ग्राहकांची मागणी संपली नाही, ती उरलेल्या थोड्या गाड्यांवर एकवटली. टोयोटाने २०१९ मध्ये नवी सुप्रा फक्त ऑटोमॅटिक आणली होती. ग्राहकांच्या आग्रहानंतर २०२२ मध्ये तिला मॅन्युअल मिळाला. माझदाची एमएक्स-५ १९८९ पासून हलके वजन आणि मॅन्युअल गिअरबॉक्स यांना धरून आहे आणि २०१६ मध्ये तिच्या उत्पादनाने १० लाखांचा टप्पा ओलांडला. होंडाची एस२००० १९९९ ते २००९ या काळात बनली; तिचे सुरुवातीचे दोन लिटरचे इंजिन मिनिटाला सुमारे ९,००० फेऱ्यांपर्यंत जात असे, आणि आज तिची चांगली राखलेली प्रत लोक शोधत फिरतात. अशा गाड्यांना वापरलेल्या बाजारात गिऱ्हाईक असते आणि त्यामुळे त्यांची घसरण सौम्य राहते. तुमची निवड या गटातली असेल, तर किमतीची जोखीम स्वतःकडे ठेवायला घाबरण्याचे कारण नाही.

मात्र यावरून गाडी म्हणजे गुंतवणूक असे कोणी समजू नये. पोर्शने २०१६ मध्ये ९११ आर ही मॅन्युअल गाडी फक्त ९९१ प्रतींत काढली आणि थोड्याच काळात ती मूळ किमतीच्या कितीतरी पट भावाने विकली जाऊ लागली. पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, पोर्शने तशाच चार लिटर इंजिनाची आणि मॅन्युअल गिअरबॉक्सची जीटी३ टूरिंग आणली, आणि ९११ आरचे भाव उतरू लागले. गाडी कितीही दुर्मीळ असली, तरी तिच्यासारखी दुसरी काढायची की नाही हे कंपनीच्या हातात असते. मर्यादित संख्येच्या गाड्यांना आणखीही अटी असू शकतात. फोर्डने नव्या पिढीची जीटी देताना खरेदीदारांकडून दोन वर्षे ती न विकण्याची हमी लिहून घेतली होती. तेव्हा विकण्याच्या हिशेबाने घेऊ नका. चालवण्यासाठी घ्या, आणि तिने किंमत टिकवली तर ते वरचे समजा.

दुसऱ्या टोकाला इलेक्ट्रिक स्पोर्ट्स गाड्या आहेत आणि त्यांच्याबद्दल माझा सल्ला याच्या अगदी विरुद्ध आहे. तिथे बॅटरी आणि चार्जिंगचे तंत्र इतक्या झपाट्याने पुढे जात आहे, की गाडी चांगल्या स्थितीत असूनही केवळ पुढची आवृत्ती आल्यामुळे तिची किंमत कोसळते. पोर्शची टायकान २०१९ मध्ये आली आणि २०२४ च्या सुधारित आवृत्तीत तिचा पल्ला लक्षणीय वाढला व चार्जिंगही वेगवान झाले. आधीची गाडी एका दिवसात वाईट झाली नाही, पण खरेदीदार दोन्ही शेजारी ठेवून पाहणारच. अशा गाडीची अवशिष्ट मूल्याची जोखीम कंपनी आपणहून घेत असेल, तर ती तिला खुशाल घेऊ द्यावी. फार मोठ्या, जड आणि आलिशान गाड्यांनाही बऱ्याच अंशी हेच लागू आहे, कारण त्या पहिल्यांदा विकत घेऊ शकणारा ग्राहक नवीच घेतो आणि दुसऱ्या हाताची घेणाऱ्याला पुढच्या देखभालीचा खर्च परवडत नाही.

मॉडेलच्या आयुष्यातील टप्पाही पाहा. नवी पिढी येऊ घातली असेल, तर आज घेतलेली गाडी वर्षभरात मागच्या पिढीची होते. याला अपवाद एकच: नव्या पिढीत मॅन्युअल किंवा टर्बोविना इंजिन राहणार नसेल, तर मागच्या पिढीचीच मागणी वाढते.

पुन्हा प्रश्न : दोनआसनी

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिल्याबद्दल मनःपूर्वक आभार. माझी निवड जुने मॉडेल यांनी सांगितलेल्या पहिल्या गटातलीच आहे, आणि मागचे चाक यांचा ट्रॅकबद्दलचा मुद्दा वाचल्यावर मन खरेदीकडे झुकले आहे. तरीही दोन शंका राहतात. विक्रेता आता म्हणतो की किमतीचा चौथा हिस्सा सुरुवातीला भरा, म्हणजे लीजचा हप्ता आणखी खाली येईल. शिवाय त्याने तिसरा पर्यायही दिला आहे: हप्ते लहान आणि शेवटी एक मोठी रक्कम. आणि मी गाडी किती वर्षे ठेवेन हे मला अजूनही ठाऊक नाही. या अनिश्चिततेत लीज अधिक सुरक्षित ठरत नाही का?

प्रतिसाद : हिशेबी

लीजवर सुरुवातीला मोठी रक्कम भरू नका. ती रक्कम म्हणजे पुढच्या हप्त्यांचाच आगाऊ भरणा असतो, त्याने व्याजाची थोडीशी बचत होते आणि एकूण खर्च फारसा बदलत नाही. चौथ्या महिन्यात गाडी चोरीला गेली किंवा अपघातात निकामी झाली असे समजा. विम्याची रक्कम गाडीच्या मालकाला, म्हणजे लीज कंपनीला मिळते. गाडीची विमा-किंमत आणि करारातील बाकी यांच्यातील तूट भरून काढणारे गॅप संरक्षण तुम्ही घेतले असेल तर ती बाकी मिटते. पण तुम्ही सुरुवातीला भरलेला चौथा हिस्सा सहसा कोणी परत देत नाही. कर्जावर घेताना मात्र चित्र वेगळे असते. तिथे सुरुवातीची रक्कम मुदलातून वजा होते, व्याज खरोखर वाचते, आणि पहिल्या दोन वर्षांत गाडीची किंमत कर्जाच्या बाकीखाली जाण्याचा धोका कमी होतो. तो चौथा हिस्सा तुमच्याकडे असेल, तर त्याची जागा कर्जात आहे.

शेवटी मोठी रक्कम असलेल्या योजनेचे दोन प्रकार असतात आणि विक्रेते ते सर्रास एकाच नावाने सांगतात. एका प्रकारात ती शेवटची रक्कम तुम्हालाच भरायची असते. गाडी तुमची, किलोमीटरचे बंधन नाही, पण शेवटी बाजारभाव त्या रकमेपेक्षा कमी निघाला तर तूट तुमची. दुसऱ्या प्रकारात तेवढ्या किमतीला गाडी परत घेण्याची हमी कंपनी देते, आणि त्या हमीबरोबर किलोमीटरची मर्यादा व परतीची तपासणी दोन्ही परत येतात. म्हणजे नाव कर्जाचे आणि वागणूक लीजची. तुम्हाला दिलेली योजना कोणती, ते त्या हमीच्या कलमावरून कळेल. दोन्ही प्रकारांत मुदल सावकाश उतरत असल्यामुळे साध्या कर्जापेक्षा एकूण व्याज जास्त भरावे लागते.

आता अनिश्चिततेबद्दल. किती वर्षे ठेवायची हे ठाऊक नसेल तर लीज घ्यावी, हा समज फार पसरलेला आहे आणि मला तो चुकीचा वाटतो. लीज तुम्हाला एकाच दिवशी मोकळे करते, तो म्हणजे मुदत संपण्याचा दिवस. दुसऱ्या वर्षी नोकरी बदलली, परगावी जावे लागले किंवा गाडीचा कंटाळा आला, तर उरलेल्या हप्त्यांचा मोठा भाग भरल्याशिवाय सहसा सुटका होत नाही. काही करार दुसऱ्याच्या नावे वर्ग करता येतात, पण सगळे नाहीत. स्वतःची गाडी ज्या दिवशी नको वाटेल त्या दिवशी विकता येते, कर्ज असले तरी बाकी चुकती करून विकता येते, आणि आवडली तर दहा वर्षे ठेवता येते. ज्याला आपली मुदत नक्की ३६ महिने आहे हे ठाऊक आहे त्याला लीज शोभते, तुम्हाला नाही. मात्र सही करण्यापूर्वी कर्ज मुदतीआधी फेडल्यास काही शुल्क लागते का, एवढे विचारून घ्या. व्यवसायाच्या नावावर गाडी घेणार असाल तर करांमुळे हे गणित बदलू शकते आणि ते प्रत्येक देशात निराळे असते. तेव्हा ते आपल्या करसल्लागाराकडून तपासून घ्या.

प्रतिसाद : मागचे चाक

खरेदीच ठरत असेल तर ताबा घेण्याच्या दिवसाबद्दल थोडे लिहितो. या गाड्या कधीकधी शोरूममध्ये किंवा गोदामात बरेच महिने उभ्या असतात, आणि कागदोपत्री नवी असलेली गाडी प्रत्यक्षात तेवढी ताजी नसते. टायरच्या बाजूवर उत्पादनाच्या तारखेचे चार अंक कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. ३२२४ म्हणजे २०२४ चा बत्तिसावा आठवडा. चारही चाकांवरचे अंक वाचा, आणि ते फार जुने निघाले तर ताबा घेण्यापूर्वीच टायर बदलून मागा. एकाच जागी उभे राहून टायरचा खालचा भाग चपटा झालेला असू शकतो, तो मध्यम वेगाला स्टिअरिंगमध्ये थरथरीच्या रूपाने जाणवतो, म्हणून थोडे अंतर चालवूनच सही करा.

इंजिन रुळवण्याच्या काळाबद्दल कंपनीच्या पुस्तिकेत जे लिहिले असेल ते तंतोतंत पाळा. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांना सुमारे २,००० किलोमीटरवर खास सर्व्हिस असते आणि तोपर्यंत इंजिनच्या फेऱ्यांवर मर्यादा असते. इतर कंपन्यांच्या अटी वेगवेगळ्या असतात. तुम्ही ही गाडी दहा वर्षे ठेवली तर हा संयम तुमच्याच कामी येईल, आणि तीन वर्षांनी विकली तर त्या सर्व्हिसची नोंद पुढचा ग्राहक सर्वांत आधी मागेल. तेल वर्षातून एकदा बदलाच, किलोमीटर कमी झालेले असले तरी. प्रत्येक बिल, टायर बदलल्याची पावती आणि चाकांच्या जुळणीचा छापील अहवाल एकाच फाइलमध्ये ठेवा. ट्रॅकवर नेण्यापूर्वी ब्रेकचे द्रव ताजे आहे का ते पाहा, त्या दिवसापुरता वेगळा विमा मिळतो का याची चौकशी करा, आणि वॉरंटीच्या पुस्तिकेतले ट्रॅकवरील वापराचे कलम आधी वाचा. काही कंपन्या स्पर्धा आणि हौशी ट्रॅक-डे यांत स्पष्ट फरक करतात, काही करत नाहीत, आणि तुमची कंपनी यांपैकी कोणत्या गटात आहे हे शोरूमकडून लेखी घेतलेले बरे.